बेवारस सेमाफोर

रात्री दोनला फोन. वेबसर्व्हर उठत नाही आणि लॉगमध्ये एकच ओळ: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डिस्क पाहिली तर निम्मीसुद्धा भरलेली नाही. नवखा माणूस इथे तासभर जुने लॉग उडवत बसतो, मीही बसलोय. जागा संपलेली असते ती कर्नेलच्या सेमाफोरच्या कोष्टकात. जुन्या लिनक्सवर सेमाफोरचे संच मुळात १२८च, ३.१९ कर्नेलपासून ते ३२,००० झाले. सर्व्हर कोसळला किंवा कुणी वैतागून ‘किल डॅश नाईन’ मारला, की आवराआवरीला उसंतच मिळत नाही. प्रोसेस जाते, सेमाफोर मागे उरतात. सिस्टिम फाइव्हची रीतच तशी: सेमाफोर, मेसेज क्यू, शेअर्ड मेमरी, तिन्ही कुणी काढेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत ठाण मांडून असतात.

काढायची कमांड एवढीशी. ‘आयपीसीआरएम डॅश एस’ आणि पुढे आकडा. एंटर मारला की खेळ खलास, ‘नक्की ना?’ असं कुणी विचारत नाही. खरं काम त्याआधी, ‘आयपीसीएस’ची यादी वाचण्यात.

शेअर्ड मेमरीच्या यादीत ‘एनअटॅच’ हा रकाना असतो: किती जण जोडलेले आहेत. शून्य दिसलं की संशय घ्यावा, पण लगेच बेवारस ठरवू नये. काही प्रोग्रॅम मुद्दाम डेटा ठेवून जातात आणि पुन्हा येतात. शिवाय कुणी जोडलेलं असताना तुकडा चुकून काढलाच, तरी शेवटची प्रोसेस सुटेपर्यंत तो राहतो, यादीत नुसता ‘डेस्ट’ असा शिक्का पडतो. सेमाफोरकडे ही माणुसकी नाही. काढला की त्याच क्षणी गेला, आणि त्याच्यावर ताटकळलेल्या प्रोसेसच्या हाती एरर. आणि त्याच्या यादीत ‘एनअटॅच’ही नाही.

हे मी मॅन्युअलमध्ये वाचलं होतं, कळलं मात्र नंतर. एकाच युजरखाली दोन सर्व्हर चालतात, हे त्या रात्री डोक्यातून गेलं होतं. त्या युजरच्या ओळी ग्रेपने गाळल्या, ऑकने आकडे उचलले आणि एका लूपमध्ये सगळे साफ केले. बंद पडलेला उठला. चालू होता तो बसला, आणि बिलिंग त्याच्यावर होतं.

आता एकेका आकड्याला ‘आयपीसीएस डॅश एस डॅश आय’ लावतो. शेवटी हात लावणाऱ्याचा पीआयडी तिथे दिसतो, तो ‘पीएस’मध्ये शोधतो. सापडला तर नाव आणि सुरू झाल्याची वेळ जुळवतो, कारण पीआयडी पुन्हा वापरले जातात. नाही सापडला तरी थांबतो: पोर मेलेलं असतं आणि आई व्यवस्थित चालू असते.

परवा शेजारी बसलेल्या ज्युनिअरने विचारलं, “सर, आयपीसीआरएमला डॅश ए आहे ना? सगळं एकदम जातं.” मी कीबोर्ड माझ्याकडे ओढून घेतला.