पाना कोणाच्या हातात

ओहायोतल्या ज्या गवताळ धावपट्टीवर मी दर शनिवारी उडायला शिकत होतो, तिथल्या हँगरमध्ये दोन विमानं शेजारीशेजारी उभी असायची. एक पिवळं पायपर जे-३ कब, १९४६ सालचं. त्याचा इंधनाचा काटा म्हणजे टाकीत तरंगणाऱ्या बुचावर उभी केलेली तार, बस्स. दुसरं आरव्ही-१२, एका निवृत्त शिक्षकाने किट मागवून स्वतःच्या गॅरेजमध्ये जोडलेलं.

पायलटसाठी दोन्ही एकाच खात्यातली, 'लाइट स्पोर्ट'. अमेरिकेच्या एफएएने २००४ साली ही व्याख्या केली. जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचं वजन साधारण ६०० किलोपर्यंत, सीट दोनच, इंजिन एक. कब मुळातच हलकं, त्यामुळे म्हातारपणी आपसूक या नव्या वर्गात जाऊन बसलं.

पण पाना हातात घेतला की गणित बदलतं. आरव्ही-१२ 'एक्स्पेरिमेंटल'. त्याचा मालक ते खोलू शकतो, बदलू शकतो. सोळा तासांचा एक कोर्स केला, की स्वतःच्या विमानाच्या वार्षिक तपासणीवर सहीसुद्धा करू शकतो. मास्तरांनी तो कोर्स केला होता. कबचं प्रमाणपत्र मात्र जुन्या, नेहमीच्या पद्धतीचं. त्याला परवानाधारक मेकॅनिकच लागतो आणि वार्षिक तपासणीला तर वेगळा अधिकार असलेला. स्पोर्ट पायलट ते आकाशात नेऊ शकतो, पण तेव्हाच्या नियमात त्याचं तेल स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नव्हता! मला हे ऐकून हसूच आलं होतं.

माझ्याबाबतीतही असंच काहीतरी होतं, फक्त हसण्यासारखं नव्हतं.

२०१९पासून मी डिप्रेशनच्या गोळ्या घेतो. पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरने विचारलं, "मेडिकलचा फॉर्म भरलायस?"

"नाही अजून."

"मग थांब. आधी तुझ्या डॉक्टरशी बोल."

मेख अशी होती. स्पोर्ट पायलटला एफएएचं मेडिकल लागत नाही, गाडीचं लायसन्स चालतं. पण तुम्ही मेडिकलसाठी अर्ज केलात आणि तो नाकारला गेला, तर ते लायसन्सही उडण्यासाठी बाद. कधीच विचारलं नाही, तर दार उघडं. विचारलं आणि 'नाही' आलं, तर बंद. मला ही पळवाट वाटली. आपण चोरून आत शिरतोय असं बरेच दिवस वाटत राहिलं.

मग नियमाचा पुढचा भाग नीट वाचला. स्वतःला माहीत असलेल्या कुठल्याही आजारामुळे विमान सुरक्षित चालवता येणार नसेल, तर उडायचं नाही. हे ठरवायचं कोणी? मीच. प्रत्येक वेळी. म्हणजे माझ्या तपासणीवर सही माझीच, मास्तरांसारखी. फक्त माझ्यासाठी सोळा तासांचा कोर्स कुठे नव्हता.

माझ्या सायकिअॅट्रिस्टने तासभर प्रश्न विचारले. झोप, डोस, मागचं वाईट वर्ष. शेवटी ती हो म्हणाली, पण दर तीन महिन्यांनी भेटायचं या अटीवर. सांगलीहून आईने फोनवर विचारलं, "डॉक्टरांनी तपासलं ना रे तुला?" मी हो म्हणालो. कुठले डॉक्टर, ते तिने विचारलं नाही. गोळ्यांचं तिला अजून माहीत नाही.

२०२५च्या जुलैत नवे नियम जाहीर झाले. ऑक्टोबरपासून स्पोर्ट पायलटसाठी वजनाची अट गेली आणि त्या जागी स्टॉलचा वेग आला. आता चार सीटचं विमानही चालतं, सोबत माणूस मात्र एकच. हँगरमध्ये केवढा आनंद! लायसन्सची अट होती तशीच राहिली.

त्या नोव्हेंबरात एका शनिवारी हवा अगदी स्वच्छ होती, वारा शून्य. रात्री मला तीनच तास झोप लागली होती, तीही तुटक. आणि सलग चौथी रात्र. पार्किंगमध्ये गाडीत पंधरा मिनिटं बसून राहिलो. मग आत जाऊन बुकिंगच्या वहीत माझं नाव खोडलं.

मास्तर आरव्ही-१२चं तेल बदलत होते. "नाही उडत आज?"

"नाही."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "इथे धर जरा. अजून खाली."