एका वर्षाचा शिलेदार

हातचें सोडून पळत्याच्या पाठीस लागूं नये, ही म्हण आम्हीं इतक्या लोकांना ऐकविली आहे कीं, ती आपल्यावर उलटेल अशी शंकाहि आम्हांस कधीं आली नव्हती. ती उलटली २०१९ च्या जून महिन्यांत, आणि तीहि बास्केटबॉलच्या निमित्तानें.

त्याच्या आदल्या वर्षीं जुलैंत आम्ही टोरांटो येथें धाकट्या बंधूंकडे राहिलों होतों. १८ तारखेस पुतण्यानें वार्ता आणली कीं, तेथील रॅप्टर्स संघानें आपला नऊ वर्षांचा जुना खेळाडू डीमार डीरोझन हा सॅन अँटोनियोच्या संघास देऊन कावाय लेनर्ड यास आणलें. डीरोझनबरोबर याकोब पर्टल हा तरुण खेळाडू व नवोदितांतून निवड करण्याचा एक हक्कहि गेला; लेनर्डबरोबर डॅनी ग्रीन आला.

या व्यवसायांत संघांच्या वेतनखर्चास मर्यादा असते, आणि ती ओलांडलेल्या संघास अदलाबदलींत जाणारें व येणारें वेतन साधारण जुळवावें लागतें. लेनर्डचें वार्षिक वेतन सुमारें २ कोटी ३१ लक्ष डॉलर होतें. असा खेळाडू नुसत्या पैशानें मिळत नाहीं. आपलाच कोणी तोलाचा माणूस तराजूंत घालावा लागतो. टोरांटोनें घातला तो डीरोझन. २०१६ मध्यें अन्यत्र जाण्यास मोकळा असतांहि ज्यानें टोरांटोशींच पांच वर्षांचा करार केला होता, तोच हा.

आम्ही संतापलों. लेनर्ड २०१४ च्या अंतिम झुंजींत सर्वोत्कृष्ट ठरला होता, हें खरें. पण मांडीच्या दुखण्यामुळें गेल्या हंगामांतील ८२ पैकीं अवघे ९ सामने तो खेळला होता, आणि वर्षानंतर करारांतून मोकळें होण्याचा त्यास हक्क होता. हा तर शिलेदार! घोडा त्याचा, हत्यार त्याचें. मनास येईल तेव्हां वाट धरणार. पुतण्या म्हणाला, "काका, डीरोझनला ठेवून काय होतें, हें आम्हीं तीन वर्षें पाहिलें आहे." २०१६ पासून तिन्ही वर्षें हा संघ क्लीव्हलंडकडून हरला होता, व शेवटच्या दोन खेपांस एकहि सामना त्यास जिंकतां आला नव्हता. आम्हीं पुतण्यास तीच म्हण ऐकविली.

पुढें काय झालें तें प्रसिद्ध आहे. १२ मे २०१९ रोजीं फिलाडेल्फियाविरुद्ध निर्णायक सामना बरोबरींत असतां, शेवटच्या क्षणीं लेनर्डनें फेकलेला चेंडू कड्यावर चार वेळां आपटून आंत पडला. जूनमध्यें टोरांटोनें गोल्डन स्टेटवर ४-२ अशी मात करून पहिलें अजिंक्यपद मिळविलें. जुलैंत शिलेदार लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाकडे निघून गेला.

हार कबूल करणारें पत्र आम्हीं पुतण्यास लागलीच धाडलें. पण पुढें त्या पत्राचीच लाज वाटूं लागली. चेंडू आंत पडला म्हणून व्यवहार शहाणपणाचा, व बाहेर पडता तर मूर्खपणाचा, असें मानणें म्हणजे रीत न पाहतां नुसत्या उत्तरावर गुण देणें होय. परीक्षा करावयाची ती २०१८ च्या जुलैंत जें ठाऊक होतें त्यावरून. दुखणें उलटतें किंवा खेळाडू जाता, तर टोरांटोचे फार तर एक-दोन हंगाम वायां जाते. तोट्यास तळ होता.

याउलट, लेनर्ड यावा म्हणून क्लिपर्सनीं पॉल जॉर्ज आणला, व त्यापायीं ओक्लाहोमा सिटीस शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण, दानिलो गालिनारी आणि पहिल्या फेरीचे पांच निवडहक्क देऊन टाकले. लेनर्डचा गुडघा जायबंदी होऊन २०२१-२२ चा सबंध हंगाम गेला. जॉर्ज २०२४ मध्यें निघून गेला. आणि २०२५ चें अजिंक्यपद ओक्लाहोमा सिटीनें गिल्जस-अलेक्झांडरच्याच बळावर जिंकलें. टोरांटोनें दिलें त्याची मर्यादा तीन वर्षें दिसून चुकली होती. क्लिपर्सनीं दिलें त्याची कोणासच दिसली नव्हती. येणाऱ्याच्या वेतनाचा आंकडा सर्वांच्या तोंडीं असतो. जाणाऱ्याची किंमत मात्र फार थोडे लोक बसून मोजतात.

हा हिशेब आज आम्हांस मान्य आहे. मग त्या दिवशींचा संताप कशाचा? आम्हीं तीस वर्षें एकाच महाविद्यालयांत काढलीं. कोणी नामांकित पंडित वर्षभरासाठीं मिळत असेल तर आमचें नांव तराजूंत पडेल कीं काय, ही धास्ती आमच्या मनांत कोठेंतरी होतीच. डीरोझनचें वकीलपत्र घेऊन आम्ही स्वतःचीच कैफियत मांडीत होतों.

२०१९ च्या फेब्रुवारींत डीरोझन पाहुण्या संघाकडून टोरांटोस खेळावयास आला, तेव्हां सर्व प्रेक्षकांनीं उभे राहून टाळ्यांचा गजर केला. त्याच सामन्याच्या अखेरच्या क्षणांत लेनर्डनें चेंडू हिसकावून सामना जिंकून दिला, आणि तो हिसकावला डीरोझनच्याच हातून. तेव्हांहि तेच प्रेक्षक गर्जले. आम्हांस दोन्ही टाळ्या खऱ्या वाटतात. पण पहिली पुन्हा पुन्हा आठवते.