मिठाचे नाटक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रात नाक खुपसू नये, असे आमचे एक मित्र म्हणतात. पण नाटक हा तर आमचाच प्रांत! त्याच धिटाईने गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवरील आमच्या वस्तीतली आठ-दहा मुले गोळा करून मी मूलद्रव्यांचे एक छोटेसे नाटक बसवले.

सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले, तेव्हापासून मराठी बालनाट्याला राक्षस आणि चेटकिणी परक्या नाहीत. आम्हांलाही राक्षस शोधायला लांब जावे लागले नाही. क्लोरीन होताच! हिरवट-पिवळा, घसा जाळणारा वायू; १९१५ साली बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने तो सोडला आणि माणसे गुदमरून मेली. सोडियम सुरीने कापता येईल इतका मऊ धातू, पण पाणी लागले की भडकणारा. म्हणून त्याला रॉकेलात बुडवून ठेवतात. आर्गॉन हवेत सुमारे एक टक्का, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘आळशी’. या भूमिकेसाठी मुलांत भांडणे झाली, कारण तिला संवाद एकही नव्हता!

सोडियम झाली होती सातवीतली एक मुलगी. तिच्यावर ‘ढ’ हा शिक्का केव्हाच बसलेला. तालमीत एके दिवशी तिने विचारले, “दादा, सोडियमला खरंच राग येतो?”

प्रश्न बिनतोड होता. मूलद्रव्याला ना राग, ना लोभ. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन. तो सहज सुटतो. क्लोरीनच्या कवचात नेमकी एकाची उणीव. आपण स्वभाव म्हणतो, तो एवढाच हिशेब. म्हणून तिच्या हाती एक चेंडू दिला. तो तिने क्लोरीनला द्यायचा, की झाले मीठ.

प्रयोगाच्या संध्याकाळी मीठ तयार झाले आणि प्रेक्षकांतून एक मावशी ओरडल्या, “अगं बाई, म्हणजे आम्ही रोज विष जेवतो की काय?”

मी विंगेत गप्प. सोडियमने मात्र संवादात नसलेले उत्तर दिले, “नाही मावशी. चेंडू दिल्यावर मी ती सोडियम राहिले नाही, आणि हासुद्धा तो क्लोरीन राहिला नाही.”

अणू आणि आयन यांतला फरक याहून सोपा करून मला सांगता आला नसता. ‘ढ’चा तो शिक्का मारणाऱ्याने काय पाहून मारला असेल, कोण जाणे!