पैसा कुठून आला, हे विचारणारा माणूस

चि. छोटीस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. बर्नार्ड शॉचं रशियाबद्दलचं १९३३ सालचं ते पत्र वाचून तू हादरलीस, हे समजण्यासारखं आहे, हादरायलाच हवं. पण त्या भरात त्याच्या ‘मेजर बार्बरा’ नाटकाचा, अंडरशाफ्टच्या बोलण्यानं भरलेला तिसरा अंकच तू कापून टाकलास, आणि वर लिहितेस की यापुढे शॉचं नाटक तेवढं घ्यायचं, त्याचं राजकारण त्याच्याबरोबर गेलं. हे मला पटलेलं नाही. तू हे इतक्या घाईनं ठरवावंस याचा रागही आला, तो लपवत नाही.

बर्नार्ड शॉचं राजकारण नाटकावर वरून चिकटवलेलं असतं, तर ते सोलून काढता आलं असतं. पण नाटककार होण्याआधी, डब्लिनमध्ये पंधराव्या वर्षी तो जमीनजुमल्याच्या एका कचेरीत कामाला लागला, आणि गरिबांच्या खोल्यांचं भाडं वसूल करणं हा त्या नोकरीचाच भाग होता. पुढे लंडनमध्ये १८८२ साली त्यानं हेन्री जॉर्जचं जमिनीवरचं व्याख्यान ऐकलं, ब्रिटिश म्युझियममध्ये बसून मार्क्सचा ‘कॅपिटल’ फ्रेंचमधून वाचला, १८८४ मध्ये तो फेबियन सोसायटी या समाजवादी संस्थेचा सभासद झाला. या सगळ्यातून एकच प्रश्न त्याच्या हाती लागला: हा पैसा कुठून आला? १८९२ च्या ‘विडोअर्स हाउसेस’मध्ये हा प्रश्न हाच कथानकाचा कणा आहे. लिकचीज नावाचा वसुली कारकून धोकादायक जिन्याच्या दुरुस्तीवर एक पौंड चार शिलिंग खर्च करतो आणि तेवढ्यावरून मालक त्याला काढून टाकतो. तरुण डॉक्टर ट्रेंचला या मालकाची घृणा वाटते. मग कळतं, की त्याचं स्वतःचं वर्षाचं सातशे पौंडांचं उत्पन्न त्याच घरांवरच्या गहाणाच्या व्याजातून येतं. आता हा जिना काढून टाक आणि उरलेलं नाटक दाखव मला! प्रेमकथेतला रुसवासुद्धा त्या जिन्यावरच उभा आहे. ‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’मध्ये मुलीचं केंब्रिजचं शिक्षण आईच्या कुंटणखान्यांच्या कमाईवर झालेलं असतं. १८९३ मध्ये लिहिलेल्या या नाटकाचा इंग्लंडमध्ये जाहीर प्रयोग व्हायला १९२५ साल उजाडावं लागलं. वेश्या रंगभूमीवर येण्याला त्या काळच्या सभ्य लोकांची तितकी हरकत नसावी. तिच्या धंद्याचा हिशेब आपल्या घरापर्यंत येऊन पोचतो, हे त्यांना सोसलं नाही, असं मला वाटतं.

तू म्हणतेस, याला समाजवाद कशाला म्हणायचा, ही साधी माणुसकी झाली. नाही गं. माणुसकी त्या मालकाला दुष्ट म्हणून मोकळी होते. शॉ त्याला दुष्ट ठरवायला तयार नाही. चांगली माणसं बसवली तरी व्यवस्था तीच राहिली तर भाडं तसंच वसूल होईल, हे तो दाखवतो, आणि इथेच त्याचा समाजवाद सुरू होतो. तो नुसता बोलका नव्हता, हेही ध्यानात ठेव. १८९७ पासून १९०३ पर्यंत तो लंडनच्या सेंट पँक्रस भागाच्या स्थानिक कारभारात होता. गटारं, साथीचे रोग, कर असल्या रुक्ष कामांत यशस्वी नाटककारानं सहा वर्षं घातली. बायकांसाठी सार्वजनिक शौचालय हवं म्हणून तो भांडला, आणि प्रतिष्ठित सदस्य त्या विषयाच्या उल्लेखानंच लाजून चूर झाले. माझ्या मते हा त्याच्या राजकारणाचा सर्वांत स्वच्छ काळ. कारण तिथे तो नळाच्या, खोलीच्या आणि पावतीच्या जवळ होता.

आता तुझा खरा आक्षेप. १९३१ च्या जुलैत शॉ मॉस्कोला गेला, पंचाहत्तरावा वाढदिवस तिथे साजरा झाला, स्टालिनची भेट झाली. सोबत दिलेलं खाणं सरहद्दीआधीच आगगाडीतून फेकून दिलं, हे तो कौतुकानं सांगायचा. रशियात उपासमार नाही, हे त्याला त्यातून सुचवायचं होतं. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये आणि इतरत्र लाखो माणसं अन्नावाचून मेली. २ मार्च १९३३ ला ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये शॉच्या आणि इतर काही जणांच्या सहीनं उपासमारीच्या बातम्या खोडून काढणारं पत्र आलं; त्याच महिन्यात त्याच वर्तमानपत्रात माल्कम मगरिजचे उपासमारीचे वृत्तान्त निनावी छापले गेले. याची सफाई मी देणार नाही. म्हातारपण, पाहुणचार, इंग्लंडमधल्या बेकारीनं आलेला वैताग, ही कारणं खरी असतील, पण त्यांनी मेलेल्यांचा हिशेब मिटत नाही. मुसोलिनीचंही त्यानं कौतुक केलं होतं, म्हणजे ही एका वेळची चूक नव्हती. पण ही चूक कुठली, ते नीट बघ. जो माणूस आयुष्यभर प्रत्येक नाण्याला ‘कुठून आलास’ म्हणून विचारत होता, त्यानं मॉस्कोच्या ताटातल्या भाकरीला तो प्रश्न विचारला नाही. भाकरी कुणाच्या कोठारातून आली, हे विचारलं असतं तर त्याची वाट थेट त्या खेड्यांत गेली असती. त्याचा प्रश्न खोटा नव्हता. ज्या घरात त्याला मान मिळाला त्या घरात त्यानं तो गिळला.

आणि म्हणूनच तिसरा अंक कापू नकोस म्हणते. मुक्तिफौजेच्या निवाऱ्याला दारूवाला बॉजर पाच हजार पौंड देतो, बार्बराचा बाप अंडरशाफ्ट, शस्त्रांचा कारखानदार, तितकेच घालतो, आणि त्या फौजेत मेजर असलेली बार्बरा आपला बिल्ला बापाच्या अंगावर लावून मोकळी होते. तू तिथे पडदा पाडतेस. ते सोपं आहे, तिच्याबरोबर प्रेक्षकही निर्मळ होऊन घरी जातो. पण शॉ तिला पुढे अंडरशाफ्टच्या गावात नेतो. टुमदार घरं, पोटभर जेवण, वाचनालय, सगळं चकचकीत, आणि सगळं तोफांच्या पैशातून. ते गाव नाटककारालाही भुरळ घालतं, हे तिथे स्पष्ट दिसतं. हे नाटक आल्यानंतर सव्वीस वर्षांनी तो अशाच एका दाखवायच्या गावात पाहुणा म्हणून शिरला, आणि तिथे त्याला उलटून विचारणारी बार्बरा बरोबर नव्हती. बार्बरा, तिच्याशी लग्न ठरलेला कुझिन्स, तिची आई यांना त्यानं रंगमंचावर बापाशी भांडायला पुरेपूर जागा दिली होती. ती जागा तुझ्या संहितेत उरलेली नाही. शॉ कुठे चुकला हे प्रेक्षकाला दाखवायचं असेल, तर ते याच अंकात दाखवता येतं.

शॉ स्वतः श्रीमंत झाला, हा तुझा मुद्दा मला फारसा भिडला नाही. नोबेलची रक्कम त्यानं स्वतःकडे ठेवली नाही, स्वीडिश साहित्याच्या इंग्रजी अनुवादासाठी दिली. पण तीही नाही दिली असती तरी ट्रेंचच्या सातशे पौंडांचा हिशेब चुकीचा ठरला नसता.

मला काळजी वाटते ती तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याची. यापुढे कुठल्याच विचाराच्या वाटेला जायचं नाही, असं लिहिलंयस. एका माणसानं प्रश्न गिळला म्हणून तूही तो विचारायचं सोडणार का? ‘ती फुलराणी’ तुला पाठ आहे. त्या मुलीला शिकवून झाल्यावर तिनं जायचं कुठे, खायचं काय, हा तिचा प्रश्न शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधूनच आला आहे, आणि तिथेही तो पोटाचाच आहे.

कापलेली पानं परत घाल. प्रयोग अडीच तासांचा झाला तर होऊ दे, कपात करायचीच तर पहिल्या अंकात कर. नवी संहिता तालमी सुरू व्हायच्या आत पाठव. आणि तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात म्हणे, तर एकटी परतू नकोस, निघताना काहीतरी खाऊन निघत जा. पोचल्याचं कळवत जा, मी जागी असते.

तुझी,
आत्या