देवळामागचे अरण्य

आपल्यापैकी अनेकांनी भीमाशंकरचे दर्शन घेतले असेल. कोणी एस.टी.ने गेले असेल, कोणी मुलाच्या गाडीतून. परतल्यावर आठवण राहते ती गाभाऱ्यातील गर्दीची, पायऱ्यांची आणि धुक्याची. परंतु ज्या रस्त्याने आपण गेलो त्याच्या दोन्ही बाजूंना एक संरक्षित अभयारण्य उभे होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. १९८५ साली हे अभयारण्य घोषित झाले. पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे आणि आपले ज्योतिर्लिंग या अरण्याने वेढलेले आहे.

आरोग्याच्या पाक्षिकात अरण्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर माझ्या दवाखान्यात आहे. दरवर्षी श्रावण आणि महाशिवरात्र उलटली की भीमाशंकरहून आलेले रुग्ण येऊ लागतात. कोणाचा गुडघा सुजलेला असतो, कोणाला दम लागलेला असतो, कोणाच्या हातावर माकडाने ओरबाडलेले असते, तर कोणाच्या पिशवीत रस्त्याकडेला विकत घेतलेली कसली तरी साल असते. गुडघ्याला गोळी देता येते, जखम धुता येते. पण ज्या अरण्यातून हे सारे आले ते आपल्याला मुळीच ठाऊक नसते, आणि म्हणूनच पुढच्या वर्षी तेच रुग्ण तीच दुखणी घेऊन येतात.

हे अभयारण्य मुख्यतः शेकरूसाठी राखले गेले. शेकरू म्हणजे मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पाठ गडद तांबूस, पोट पिवळसर पांढरे, शेपूट धडापेक्षा लांब. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजले तर सुमारे तीन फूट भरावे. त्याचे जवळजवळ सारे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जाते. फळे, फुले, कोवळी पाने, साल हे त्याचे अन्न. एका झेपेत ते वीस फुटांपर्यंतचे अंतर ओलांडते. एकच शेकरू अनेक घरटी बांधते; डहाळ्या आणि पाने रचून केलेले चेंडूच्या आकाराचे घरटे उंचावरच्या बारीक फांद्यांत असते, कारण जड शिकारी प्राणी तिथवर पोहोचू शकत नाही.

या जीवनाची एक अट आहे. एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाच्या फांदीपर्यंत पोहोचली पाहिजे. रस्ता रुंद झाला, दुकानासाठी दोन जुनी झाडे गेली, की त्या हिरव्या छतात खिंड पडते. मग शेकरूला जमिनीवर उतरावे लागते, आणि जमिनीवर भटकी कुत्री असतात. यात्रा वाढली की वाहने वाढतात, वाहनतळ वाढतात, खाण्याच्या टपऱ्या वाढतात आणि टपऱ्यांच्या उष्ट्यावर कुत्री वाढतात. भाविकांपैकी कोणाच्याही मनात शेकरूचे वाईट करण्याचा विचार नसतो. तरीही ते घडते.

पावसाळ्यात भीमाशंकरला ढग अक्षरशः झाडांत शिरतात. माथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो. इथून उगम पावणारी भीमा चासकमान व उजनी ही धरणे भरत पंढरपूरला पोहोचते आणि तिथे चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून चंद्रभागा म्हणवते. पंढरपूरच्या परिसरात स्वतःचा पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटरचा. आषाढीला आपण ज्या पाण्यात उतरतो त्यात या घाटमाथ्याच्या पाण्याचा मोठा वाटा असतो.

तेवढा पाऊस उघड्या उतारावर पडला असता तर मातीसकट वाहून गेला असता. इथे तो प्रथम अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा यांच्या पानांवर पडतो, तिथून ठिबकत खालच्या पालापाचोळ्यावर येतो. पाचोळ्याखालची भुसभुशीत माती आणि मुळांनी केलेल्या वाटा त्याला आत घेतात. पुढे तो काळ्या खडकाच्या भेगांत उतरतो आणि पाऊस थांबल्यावरही झऱ्यांतून हळूहळू बाहेर येत राहतो. पाचोळा कुजवण्याचे काम बुरशी आणि जिवाणू करतात. भीमाशंकरच्या अरण्यात भर पावसाळ्यातील काळोख्या रात्री कुजत्या फांद्यांवर मंद हिरवट उजेड दिसतो, तो अशाच एका बुरशीचा. काहींना तो भुताटकीचा वाटे. जाता जाता आपल्या वयाच्या वाचकांना एक सांगावेसे वाटते : अरण्यात वठलेले, पोकळ झालेले झाड निकामी धरले जात नाही. त्याच्या ढोलीत घुबडे, पोपट, उदमांजरे राहतात. वाळके लाकूड म्हणून ते तोडून नेले की या सर्वांचे घर मोडते.

आता आपल्या घरातील फडताळाकडे वळू. तिथे त्रिफळा चूर्णाची डबी असण्याचा संभव मोठा आहे. त्रिफळ्यातील तिसऱ्या हिश्शाचा हिरडा याच डोंगरांतून येत असू शकतो. आंबेगाव, जुन्नर व खेड तालुक्यांतील महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करीत आली आहेत. पक्व होण्यापूर्वीचे कोवळे फळ वाळवले की त्याला बाळहिरडा म्हणतात आणि त्याच्या विक्रीवर अनेक घरांचा वर्षाचा रोख खर्च चालतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ या भागावरून गेले तेव्हा हिरड्याचे मोठे नुकसान झाले. शहरात ती बातमी पत्रे उडाल्याची आणि झाडे पडल्याची होती. डोंगरात ती औषधपाण्याचा आणि शाळेचा पैसा गेल्याची होती. इथे एक भेद लक्षात घ्यावा. झाड राखून फळ गोळा करणाऱ्याला पुढच्या वर्षीही ते झाड हवे असते. आहुपेसारख्या गावांच्या देवराया देवाच्या भयाने आणि गावाच्या शिस्तीने टिकल्या, त्यामागेही हीच समज असावी.

त्रिफळा घेऊ नका, असे मी सांगणार नाही. परंतु रोज रात्री चमचाभर, मग दीड, मग त्यावर आणखी एखादे सारक, असे करणारे वृद्ध माझ्या नित्य पाहण्यात आहेत. त्यांपैकी अनेकांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू असते. जुलाब आणि लघवी अशा दोन्ही वाटांनी पाणी व पोटॅशियम गेले की थकवा येतो, पायांत गोळे येतात, उठताना भोवळ येते आणि माणूस पडतो. आपण घेत असलेले चूर्ण डॉक्टरांना औषधाइतकेच स्पष्टपणे सांगावे. आणि उतारवयात बद्धकोष्ठ नव्याने सुरू झाले असेल, सोबत वजन घटत असेल वा शौचातून रक्त जात असेल, तर चूर्ण बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.

‘अरण्यातले आहे, म्हणजे अपाय नाही’ ही समजूत फार खोल रुजलेली आहे. तिला माझे एक ठरलेले उत्तर असते. सह्याद्रीत नरक्या नावाचे एक लहान झाड आढळते; फुलांच्या दुर्गंधीवरून त्याचे हे नाव पडले. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. त्यापासून तयार केलेली इरिनोटेकॅन व टोपोटेकॅन ही औषधे मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांवर वापरली जातात. ती उपयोगी पडतात याचे कारण ती विभागणाऱ्या पेशी मारतात. म्हणूनच ती मोजून, रक्त तपासत, रुग्णालयात द्यावी लागतात. या द्रव्यासाठी नरक्याची चोरटी तोड होऊन ते झाड अनेक ठिकाणी विरळ झाले. तेव्हा रस्त्याकडेच्या पथारीवरील अनोळखी साल आणि ‘गुडघ्याची पूड’ यांबद्दल माझे मत कठोर आहे. अशा पुडींत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. आठ दिवस गुडघा हलका वाटतो आणि महिन्याभरात साखर भडकते.

माकडांचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तिथे आपली श्रद्धा आड येते. मारुतीचे रूप म्हणून आपण केळे, बिस्किट, शेंगदाणे पुढे करतो. वस्तुतः अभयारण्यातील प्राण्यांना असे खाऊ घालणे नियमांत बसत नाही. माकड जंगलात फिरून फळे खाते तेव्हा त्याने टाकलेल्या बिया दूरवर रुजतात; रस्त्याच्या कठड्यावर बसून बिस्किटे मिळू लागली की ते फिरणे कमी होते. आणि प्रत्येक पिशवीत खाऊ असतो हे ते शिकते. माझ्या ओळखीच्या एका सत्तरीच्या बाईंच्या हातातील प्रसादाची पिशवी माकडाने हिसकली. चावा नाही, ओरखडा नाही. झटक्याने तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण त्या पुन्हा एकट्या घराबाहेर पडू शकल्या नाहीत. पिशवी हिसकणारे माकड तयार केले ते आधी येऊन गेलेल्या शेकडो हातांनी.

म्हणून वडीलधाऱ्यांना नेणाऱ्या मुला-सुनांनी खाऊ दिसणार नाही अशा बंद पिशवीत ठेवावा आणि ती पिशवी वृद्धांच्या हाती देऊ नये. माकडाने चावले वा ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. खोल जखमेत लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागते, हेही विचारून घ्यावे.

पायऱ्यांविषयी. भीमाशंकरचे देऊळ खालच्या अंगाला आहे. जाताना दोनशेहून अधिक पायऱ्या उतरायच्या आणि दमल्यावर, उपाशीपोटी, त्याच चढायच्या. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, चढताना हृदयावर. सोपे वाटते म्हणून भरभर उतरू नये. कठड्याच्या बाजूने चालावे. परतताना बोलता येईल इतक्याच गतीने चढावे आणि वाक्य मध्ये तुटू लागले की बसावे. प्रवासात सारखे लघवीला जावे लागेल म्हणून हृदयाची वा रक्तदाबाची गोळी परस्पर चुकवू नये. वेळ बदलता येईल का ते आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखते वा चालताना धाप लागते, त्यांनी डोली करावी. डोली करण्यात कसला कमीपणा?

आणि घाईने दर्शन उरकून गाडीत बसू नये. पावसाळ्याचा आणि यात्रेचा भर टाळून, हिवाळ्यात, शक्य तर सकाळी लवकर जावे. शेकरू सकाळी आणि उन्हे कलल्यावर अधिक हालचाल करते, दुपारी विसावते. घडीची खुर्ची न्यावी, गर्दीपासून थोडे अलीकडे, वाटेच्या कडेलाच ती मांडावी आणि अर्धा तास बोलू नये. दृष्टी अधू असेल त्यांनी कान द्यावा : माणसाने शीळ घालावी तसा शीळकरी कस्तूर साद घालतो, आणि शेकरू ओरडते तेव्हा कोरडा खडखडाट ऐकू येतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हे करून पाहिले. त्यांच्या मुलाने आधी कुरकुर केली होती. नंतर रक्तदाब मोजून घ्यायला आल्या, पण पट्टा बांधू देईनात. आधी मला त्या शेपटीचा रंग सांगायचा होता : मुळाशी काळपट, टोकाला साईसारखी. “डॉक्टर, तुम्ही पाहिलीत का हो कधी?” असे विचारून त्यांनी हात पुढे केला.