पहाटे पाच ते सहा



४ ऑगस्ट जवळ आला आहे. धर्मग्राम सांभाळणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मारी व्हियान्ने यांचा हा सण. दरवर्षी या दिवशी आम्ही स्वयंसेवक फादरांना शाल-श्रीफळ देतो, कॅटेकिझमची मुले गाणे म्हणतात, केक कापला जातो आणि 'फादर, तुम्ही आमच्यासाठी किती करता' असे एक भाषण होते. यंदा भाषणाची पाळी आमच्या गटावर आली आहे. भाषणाआधी एक कबुली द्यायला हवी असे आम्हाला वाटले. ती इथे देत आहोत.

आमचे धर्मग्राम बेळगाव शहराच्या कडेला आहे. निम्मी घरे शहरात, निम्मी खानापूरच्या वाटेवरच्या वाड्यांमध्ये. आम्ही पाच-सहा जण गेली बरीच वर्षे चर्चची कामे करतो. वेदीची फुले, हिशेब, फेस्ताची तयारी, आजाऱ्यांची यादी, सगळे आमच्याकडे. आधीचे फादर 'कामाचे फादर' म्हणून ओळखले जायचे. दिवसाच्या कोणत्याही वेळी हाक मारा, हजर. नवे फादर आले आणि पहिल्याच रविवारी त्यांनी एक गोष्ट सांगितली. पहाटे पाच ते सहा ते चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर असतील. त्या तासात फोन ऑफिसच्या खणात राहील. कोणी मरणाच्या दारात असेल तर त्यांना थेट येऊन उठवायचे. बाकी सगळे सहानंतर.

आम्ही मान डोलावली. ऐकले मात्र नाही.

फेस्ताच्या आठवड्यात मंडपवाला पहाटे साडेपाचला गेटवर आला. त्याला दुसऱ्या गावी जायचे होते. इसाराच्या चेकवर फादरांची सही हवी होती. आम्ही चर्चमध्ये गेलो. फादर पुढच्या बाकावर बसले होते. एकदा हाक मारली, दोनदा मारली. तिसऱ्या हाकेला त्यांनी मागे वळून पाहिले आणि हळूच म्हणाले, "सहाला येतो." मंडपवाला वैतागून निघून गेला. दुसरा शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.

त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, "आपल्या फादरांना प्रार्थनेला वेळ आहे, कामाला नाही." सगळे हसले. मग हसण्याचे पत्र झाले. बिशपस्वामींना लिहायचा मसुदा आम्ही तयार केला. 'लोकांसाठी उपलब्ध नसतात' हे वाक्य त्यात तीन वेळा होते. सह्या मात्र पुढच्या बैठकीत करायच्या ठरल्या, म्हणून पत्र हिशेबाच्या वहीत राहिले.

पावसाळा आला. एका रात्री दीड वाजता वाडीतून फोन आला. आमच्या चर्चचे वेदीवस्त्र ज्यांनी वीस वर्षे धुऊन इस्त्री करून दिले, त्या मावशी शेवटच्या घटका मोजत होत्या. त्यांचा मुलगा म्हणाला, "फादरना आणता का? आई विचारायल्या." फादरांना उठवावे की सकाळची वाट पाहावी, आम्ही क्षणभर घुटमळलो. मनात तेच पत्र होते. शेवटी फोन लावला. दुसऱ्याच रिंगला आवाज आला, "निघतो. गाडी काढा."

पाऊस असा होता की पुढचे दिसेना. शेवटचा मैलभर रस्ता चिखलाचा, म्हणून जीप सोडून आम्ही चालत गेलो. आमच्यातल्या एकाचा बारावीतला मुलगा बॅटरी घेऊन पुढे होता. फादरांनी पवित्र तेलाची आणि ख्रिस्तप्रसादाची डबी छातीशी धरली होती. बोलत कोणीच नव्हते.

घरात शिरताच फादर खाटेशेजारी सारवलेल्या जमिनीवर गुडघ्यांवर बसले. मावशींच्या कानाशी जाऊन त्यांनी आपले नाव सांगितले, मग मावशींचे नाव घेतले. घाई अजिबात नव्हती. मावशींना नीट बोलता येत नव्हते, तरी फादर त्यांच्या ओठांशी कान लावून थांबले. आम्हाला बाहेर जायला सांगून त्यांनी त्यांचे पापनिवेदन ऐकले. मग आम्ही सगळे आत आलो. कपाळाला आणि तळहातांना तेल लावले. ख्रिस्तप्रसादाचा नखाएवढा तुकडा चमचाभर पाण्यातून दिला. मावशींनी डोळे उघडले आणि आपला सुरकुतलेला हात फादरांच्या हातावर ठेवला. त्यानंतर फादर उठून जातील असे आम्हाला वाटले होते. ते तसेच बसून राहिले. पावसाचा आवाज आणि रोझरी, एवढेच चालू होते. मावशींना झोप लागली तेव्हा पाच वाजून गेले होते.

मुलाने काळा चहा आणला. ओसरीवर चहा पिताना आमच्यातला एक जण अर्धवट थट्टेने म्हणाला, "फादर, आज तुमचा तास बुडला की."

फादर हसले. "बुडला कुठं? आज तो इथं झाला."

मग आपण होऊन त्यांनी सांगितले. त्यांच्या पहिल्या धर्मग्रामात तीन वर्षे ते नुसते धावत होते. शाळेचे बांधकाम, कोर्टाचे कागद, मीटिंगा. दिवसाच्या ठरलेल्या प्रार्थना जीपमध्ये उरकायच्या किंवा राहून जायच्या. मिस्सा व्हायची, पण मन सिमेंटच्या पोत्यांत. लोक कौतुक करायचे. "आणि मला लोकांचा राग यायचा," ते म्हणाले. "दार वाजलं की छातीत धस्स व्हायचं. एकदा एक म्हातारे आजोबा नुसता आशीर्वाद मागायला आले. मी त्यांच्यावर ओरडलो. ते आशीर्वाद न घेताच परत गेले. त्या रात्री चर्चमध्ये जाऊन बसलो. कितीतरी महिन्यांनी नुसता बसलो. त्या तासाला मी तुमच्यापासून लपत नाही हो. तिथं बसलो नाही तर तुम्ही दार वाजवल्यावर मला राग येतो. बसलो की येत नाही. एवढंच आहे."

आम्ही कपात बघत राहिलो. हिशेबाच्या वहीतले ते पत्र आम्हाला आठवत होते.

बंधू-भगिनींनो, मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय काढून पाहा. कफर्णहूम गावात संध्याकाळी सगळे गाव दारापाशी जमले आहे. प्रभू येशू कितीतरी आजाऱ्यांना बरे करतो. दुसऱ्या दिवशी अजून अंधार असतानाच तो उठतो, एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत जातात. सगळे तुला शोधत आहेत, अशी त्यांची तक्रार. हा उतारा आम्ही कितीदा ऐकला असेल. आपण त्यात कोण आहोत, हे मात्र कधी पाहिले नव्हते. आम्ही ते शिमोन. मंडपाचा चेक घेऊन प्रभूच्या मागे गेलेले. आणि येशूने काय केले? प्रार्थनेतून उठून तो पुढच्या गावांकडे निघाला. त्या एकांतातूनच त्याची पुढची सेवा सुरू झाली.

गुरुदीक्षेचा विधी ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. उमेदवार वेदीसमोर पालथा पडून राहतो आणि आपण सगळे संतांची लितानी म्हणतो. त्याच्या तळहातांना बिशप पवित्र क्रिज्मा लावतात. त्याआधी, उपगुरूची दीक्षा घेतानाच, त्याने ख्रिस्तसभेसाठी आणि साऱ्या जगासाठी रोज ठरलेल्या वेळी प्रार्थना करण्याचे वचन दिलेले असते. म्हणजे धर्मगुरूची प्रार्थना हा त्याचा खासगी छंद नाही. ती आपल्याच वाट्याची सेवा आहे. तेल लागलेले ते हात त्या रात्री मावशींच्या तळहातांना तेल लावत होते, तेव्हा हे आम्हाला कळले.

यात थकवा नसतो असे नाही. संत व्हियान्ने १८१८ साली फ्रान्समधल्या आर्स नावाच्या लहानशा गावात आले. गाव जेमतेम अडीचशे वस्तीचे. लॅटिन भाषा त्यांना इतकी जड गेली होती की दीक्षा मिळणेच कठीण झाले होते. पुढे लांबलांबून लोक त्यांच्याकडे पापनिवेदनाला येऊ लागले आणि ते रोज कित्येक तास त्या लाकडी पेटीत बसत. आपण या कामाला लायक नाही असे वाटून ते एकदा नव्हे, अनेकदा आर्स सोडून निघाले होते. प्रत्येक वेळी परत आले. १८५९ साली ४ ऑगस्टला त्यांनी त्याच गावात देह ठेवला. संतालासुद्धा पळून जावेसे वाटले, हे वाचून आम्हाला धीर आला. आनंद म्हणजे न थकणे नव्हे. कोणाकडे परत यायचे हे ठाऊक असणे, हा आनंद.

आणि आपल्या गोव्याचे संत जोसेफ वाझ? १६५१ साली बाणावलीला जन्मलेले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातूनच इकडे आले, त्यामुळे ते आपल्याला घरचेच वाटतात. श्रीलंकेत डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. तरी १६८७ साली ते गरीब मजुराच्या वेशात तिथे पोहोचले. पुढे कँडीच्या राज्यात हेर समजून त्यांना कैदेत टाकले. कैदेत ते सिंहली भाषा शिकले आणि तिथेच वेदी मांडून मिस्सा अर्पण करू लागले. नंतर त्याच कँडीत देवीची साथ पसरली, तेव्हा घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा त्यांनी केली. बंद दाराआड प्रार्थना आणि दार उघडल्यावर रोग्यांची शुश्रूषा, यांत त्यांना फरक वाटला नसावा. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

त्या पहाटे परत आल्यावर आम्ही पत्र फाडले. एवढ्याने भागणार नव्हते. फादरांकडे जाऊन आम्ही सगळे सांगितले. पत्राचेही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या मंडपवाल्याचं दोन मिनिटांत झालं असतं. मीही उठायला हवं होतं की काय, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला." आम्ही म्हणालो, "नको. सहीची सोय आम्ही करतो." आता लहान खर्चाची जबाबदारी आमच्यातल्या दोघांकडे आहे. पाच ते सहा फादरांचा फोन आमच्यापैकी एक जण पाळीने सांभाळतो. फोन सांभाळणारा मागच्या बाकावर बसतो. खरे सांगायचे तर पहिल्या आठवड्यात आम्हाला दहा मिनिटेही जड गेली. दूध आले असेल, गॅस संपला असेल, असेच सगळे डोक्यात. आता हळूहळू जमते आहे. कधी कधी सहाचा ठोका लवकर पडला असे वाटते.

मावशी तीन दिवसांनी प्रभूघरी गेल्या. त्यांच्या दफनविधीच्या वेळी वेदीवर त्यांनीच इस्त्री केलेले वस्त्र होते.

एक गोष्ट राहिली. त्या रात्री बॅटरी धरणाऱ्या मुलाने वर्षभरापूर्वी सेमिनरीत जायची इच्छा बोलून दाखवली होती. तेव्हा आम्हीच त्याला सांगितले होते, "आधी डिग्री घे, मग बघू." ख्रिस्तसभेला धर्मगुरू हवेत अशी प्रार्थना आपण दर रविवारी करतो. तो आपल्या घरातला नसावा, एवढीच आपली गुप्त अट असते. भीती एकच, पोरगा एकटा पडेल, सुखी होणार नाही. परवा त्याच्या आईने फादरांना सरळ विचारले, "फादर, तुम्ही सुखी आहात का?" फादर म्हणाले, "त्या रात्री त्यानं मला पाहिलंय. त्यालाच विचारा." आईने अजून विचारलेले नाही. पण 'मग बघू' म्हणणे तिने थांबवले आहे.

यंदा ४ ऑगस्टला शाल द्याच, केकही कापा. त्याबरोबर आपल्या फादरांना एक तास द्या, ज्यात आपण त्यांच्याकडे काहीही मागणार नाही.

हे प्रभू येशू, अंधार असताना उठून तू पित्याशी बोललास. आमच्या धर्मगुरूंना तुझ्यापाशी बसायला वेळ दे, आणि तो वेळ राखायची बुद्धी आम्हाला दे. थकलेल्यांना परत बोलाव. आमच्या घरांत तू कोणाला हाक मारलीस, तर आम्ही आडवे न येवो. आमेन.