अब्बांच्या रेडिओवरची ‘एअर’ची पट्टी

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि आम्ही मुलाला घेऊन प्रभादेवीहून लोकल पकडली. रविवारी लॅमिंग्टन रोड बंद, शुक्रवारी चोरबाजारातली दुकानं बंद, म्हणून शनिवार सोयीचा. पिशवीत हातात मावेल एवढा जुना जपानी रेडिओ होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चाचा कुवेतला कामाला गेले आणि पहिल्याच सुटीत अब्बांसाठी तो घेऊन आले. त्याच्यावर मीडियम वेव्ह आणि एफएमखाली तिसरी पट्टी होती, ‘एअर’. अब्बा सांगायचे, “यावर विमान बोलतं.” रत्नागिरीकडच्या गावी ते कधीच बोललं नाही. तरी चाचा परत निघाले की त्या रात्री दादी रेडिओ उशाशी घेऊन बसायची. आता दादी नाही, चाचाही नाहीत आणि रेडिओ मुका झालेला.

ग्रँट रोड स्टेशनपासून लॅमिंग्टन रोड पाच मिनिटांवर. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण तोंडात जुनंच. वायर, कॅमेरे, अँटेना, सुट्या भागांचे डबे, आणि आतल्या गल्लीत दुरुस्तीची टेबलं. एका वयस्कर कारागिरांनी मागचं झाकण उघडलं. सेल फुटून पत्रा हिरवा पडला होता. त्यांनी तो घासला, एक तार डागली, बटणात फवारा मारला. अर्ध्या तासात खरखर सुरू झाली.

मुलाने विचारलं, “चाचा, गावी विमान का नाही बोललं?”

ते म्हणाले, “या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की संपल्या. विमान उंचावर असतं, त्याचा आवाज शेकडो किलोमीटर पोचतो. जमिनीवरच्या टॉवरचा नाही. शिवाय वैमानिक दोन-चार सेकंदच बोलतो. त्या वेळी काटा नेमका तिथे हवा.” विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, म्हणजे एफएमच्या वर, पण एएम पद्धतीने. दोघे एकाच वेळी बोलले तर एएममध्ये शिट्टीसारखा आवाज येतो आणि घोटाळा लगेच कळतो. एफएममध्ये कमजोर आवाज गुपचूप दबला असता.

काटा फिरवताना क्षणभर इंग्रजीतले काही आकडे ऐकू आले. मुलाचे डोळे विस्फारले. कारागिरांनी लगेच पट्टी बदलली. “बेटा, हे बोलणं आपल्यासाठी नाही. याला परवाना लागतो.”

खरंच आहे. १९३३ च्या कायद्यापासून आपल्याकडे बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगता येत नव्हतं. साध्या रेडिओचाही परवाना पोस्टातून घ्यावा लागे. अब्बांचं ते पुस्तक अजून घरात आहे. ही फी १९८० च्या दशकात गेली, पण विमानांच्या पट्टीला ती सूट नव्हती. २०२३ चा नवा दूरसंचार कायदाही रेडिओ उपकरणासाठी परवानगी मागतो.

तिथून चोरबाजारात मटण स्ट्रीटला गेलो. लाकडी पेटीतले मर्फी, बुश, आणि त्यांच्या आडोशाला हातात धरायचे जुने संच. सोनीच्या एअर-७ सारख्या संचांसाठी शौकीन अजून फिरतात, असं दुकानदार म्हणाले. आमच्या रेडिओलाही त्यांनी भाव सांगितला. आम्ही तो पिशवीत परत ठेवला.

सी. पी. टँकवरून गिरगावात आलो. १९४२ मध्ये याच भागातून काँग्रेस रेडिओ चालायचा. पोलिसांना माग लागू नये म्हणून तो जागा बदलत असे. चौपाटीवर भेळ खाताना आम्ही मुलाला उषा मेहतांची गोष्ट सांगितली. तो पटकन म्हणाला, “मग त्यांच्याकडे तरी परवाना कुठे होता?”

आम्ही जरा अडखळलो. मग म्हटलं, “त्या बावीस वर्षांच्या होत्या. पकडलं जाईल हे माहीत असूनही देशासाठी बोलल्या आणि चार वर्षांची शिक्षा भोगली. तुला फक्त मजेसाठी ऐकायचं आहे.”

“पण घरात ऐकलं तर कुणाला कळणार?”

आम्ही काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने त्यानेच मान खाली घातली.

वाट बंद नाही, हेही त्याला सांगितलं. बारा वर्षं पूर्ण झाली की हौशी रेडिओची परीक्षा देता येते. पास झाल्यावर परवाना घेऊन जगभर बोलता येतं. विमानांची पट्टी त्यात नाही, पण रेडिओ शिकायला तेवढं पुरे. तो तेरा वर्षांचा आहे. परतताना लॅमिंग्टन रोडवरून पुस्तक घेतलं.

त्या रात्री अब्बांनी मीडियम वेव्हवर बातम्या लावल्या. परळच्या गच्चीवरून एक विमान गेलं. अब्बा वर बघत म्हणाले, “आखाताकडे चाललं असेल.” मग त्यांनी रेडिओ उशाशी ठेवला, दादी ठेवायची तसा.